‘पास आऊट’ म्हणजे काय? अर्थ, योग्य वापर, उदाहरणे आणि नेहमी होणारा गोंधळ

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत राहणाऱ्या कोणाच्याही मोबाइलमध्ये ‘पास आऊट’ हे दोन शब्द दोन वेगळ्या ठिकाणी सापडतात. नोकरीच्या ग्रुपवर जाहिरात येते, ‘२०२४ आणि २०२५ पासआऊट उमेदवार हवेत, मुलाखत वागळे इस्टेट.’ आणि लोकलच्या प्रवाशांच्या ग्रुपवर मेसेज येतो, ‘लेडीज डब्यात एक मुलगी पास आऊट झाली आहे, ठाण्याला मदत हवी.’ पहिल्या मेसेजमध्ये ‘पास आऊट’ म्हणजे पदवी मिळवून बाहेर पडलेला. दुसऱ्या मेसेजमध्ये ‘पास आऊट’ म्हणजे बेशुद्ध पडलेली.

शब्द तेच, अर्थ मात्र एकमेकांपासून कितीतरी लांब. आपल्याकडे दोन्ही अर्थ रोज कानावर पडतात, म्हणून आपण संदर्भावरून लगेच ओळखतो. पण हेच वाक्य परदेशातल्या कंपनीकडे पाठवलेल्या रेझ्युमेत गेले, किंवा घाईत लिहिलेल्या मदतीच्या मेसेजमध्ये आले, तर वाचणारा भलताच अर्थ घेऊ शकतो. म्हणून या लेखात ‘पास आऊट’चे सगळे अर्थ, त्यांचा वापर, मराठीतले नेमके शब्द आणि कुठे काय लिहावे हे सोप्या भाषेत पाहू.

‘पास आऊट’चे अर्थ थोडक्यात

१. शुद्ध हरपणे, बेशुद्ध पडणे. हा बोलीभाषेतला अर्थ असून जगभरातल्या इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मनात तो सर्वांत आधी येतो.

२. दारूच्या नशेत किंवा अतिशय थकव्याने गाढ झोपणे. हा पहिल्याच अर्थाचा सैल वापर आहे.

३. सैन्य, पोलीस अशा दलांतील प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणे. हा मुख्यतः ब्रिटिश इंग्रजीतला अर्थ आहे.

४. शाळा-कॉलेजातून शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणे. हा भारतात सर्रास चालणारा अर्थ आहे.

५. एखादी गोष्ट सगळ्यांना वाटणे. उदा. पत्रके, पेढे, प्रश्नपत्रिका. हा वापर अमेरिकेत जास्त आढळतो.

आता एकेक अर्थ नीट पाहू.

फ्रेजल व्हर्ब म्हणजे काय?

इंग्रजीत साध्या क्रियापदाला आऊट, अप, ऑफ, ऑन, अवे असा छोटा शब्द जोडला की कधी कधी पूर्ण नवा अर्थ तयार होतो. अशा जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. ‘पास’ म्हणजे पुढे जाणे किंवा उत्तीर्ण होणे, ‘आऊट’ म्हणजे बाहेर. पण दोन्हींची बेरीज करून ‘बेशुद्ध पडणे’ हा अर्थ काही निघत नाही. तो जोडीचा अर्थ म्हणूनच लक्षात ठेवावा लागतो.

मराठीला हा प्रकार नवा नाही. ‘जिन्याने वर गेला’ आणि ‘गेल्या वर्षीच वर गेला’ या दोन वाक्यांत ‘वर जाणे’ एकच आहे, पण पहिला माणूस गच्चीवर आहे आणि दुसरा या जगात नाही. ‘चोरी पचली’ म्हणताना पोटाचा संबंध नसतो आणि ‘वेळ मारून नेली’ म्हणताना कोणी कोणाला मारलेले नसते. मराठी माणूस हे अर्थ विचार न करता समजतो. परभाषकाला मात्र ते शिकावे लागतात. ‘पास आऊट’च्या बाबतीत आपण त्या परभाषकाच्या जागी असतो.

अर्थ पहिला : शुद्ध हरपणे

मेंदूला होणारा रक्तपुरवठा थोड्या वेळासाठी कमी झाला की माणसाची शुद्ध जाते. बराच वेळ उभे राहणे, उकाडा, अंगातले पाणी कमी होणे, उपाशीपोटी असणे, अचानक बसलेला धक्का ही त्याची नेहमीची कारणे. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर आहे. सकाळी नाश्ता न करता निघालेल्या आणि हात वर करायलाही जागा नसलेल्या डब्यात तासभर उभ्या असलेल्या प्रवाशाच्या बाबतीत यातली तीन-चार कारणे एकाच वेळी जमून येतात. त्यामुळे हा अर्थ इथल्या प्रवाशांना पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

उदाहरणे:

‘शी पास्ड आऊट इन द क्राऊडेड ट्रेन.’ गर्दीच्या गाडीत तिची शुद्ध हरपली.

‘ही ऑलमोस्ट पास्ड आऊट फ्रॉम द हीट.’ उकाड्याने तो बेशुद्ध पडायच्याच बेतात होता.

‘आय थॉट आय वॉज गोइंग टू पास आऊट.’ आता मी पडतोय असेच मला वाटले.

शब्दकोशांच्या नोंदींनुसार हा अर्थ साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. तो बोलीभाषेतला आहे. मित्राशी बोलताना, चॅटवर, बातमीतल्या प्रत्यक्षदर्शीच्या तोंडी तो शोभतो. डॉक्टरच्या अहवालात त्याऐवजी ‘लॉस्ट कॉन्शसनेस’ किंवा ‘फेंटेड’ असे लिहितात.

चक्कर, घेरी, भोवळ की बेशुद्धी?

इथे मराठी आणि इंग्रजी यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. आपण ‘तिला चक्कर आली’ असे दोन्ही वेळा म्हणतो. डोके गरगरले तरीही आणि ती खाली कोसळून दोन मिनिटे निपचित पडली तरीही. इंग्रजीत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

डोके गरगरणे, चक्कर आल्यासारखे वाटणे: ‘फील डिझी’. शुद्ध शाबूत आहे.

डोळ्यांपुढे अंधारी येणे, घेरी येणे, पण माणूस सावरतो: ‘फील फेंट’. शुद्ध अजून शाबूत आहे.

भोवळ येऊन पडणे, शुद्ध जाणे: ‘फेंट’ किंवा ‘पास आऊट’. शुद्ध गेली आहे.

कोसळणे: ‘कोलॅप्स’. माणूस खाली पडला, पण शुद्ध आहे की नाही हे या शब्दातून कळत नाही.

डॉक्टरसमोर हा फरक फार कामाचा ठरतो. परदेशात मुलाकडे गेलेल्या आईला नुसती चक्कर आली आणि घरच्यांनी तिकडच्या डॉक्टरला ‘शी पास्ड आऊट’ सांगितले, तर डॉक्टर बेशुद्धीच्या दिशेने तपासण्या सुरू करील. उलट ती खरोखर दोन मिनिटे बेशुद्ध होती आणि घरच्यांनी ‘शी फेल्ट डिझी’ एवढेच सांगितले, तर महत्त्वाची माहिती राहून जाईल. म्हणून आधी मराठीत स्वतःलाच विचारावे: शुद्ध गेली होती का? उत्तर ‘हो’ असेल तरच ‘पास आऊट’.

अर्थ दुसरा : नशेत किंवा थकव्याने झोपणे

‘ही ड्रँक टू मच अँड पास्ड आऊट ऑन द सोफा.’ तो प्रमाणाबाहेर प्यायला आणि सोफ्यावरच आडवा झाला.

‘आय केम होम अँड जस्ट पास्ड आऊट.’ घरी आलो आणि अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागली.

दुसऱ्या वाक्यात कोणीही बेशुद्ध नाही. शेवटच्या कसारा किंवा कर्जत लोकलने घरी पोहोचलेला माणूस जे करतो ते हे. मराठीत आपण ‘मेल्यासारखा झोपला’ म्हणतो, तशीच ही अतिशयोक्ती आहे. मात्र दारूच्या संदर्भात हा शब्द ऐकला तर तो हसण्यावारी नेऊ नये. प्यायलेला माणूस हाका मारूनही उठत नसेल तर ती झोप नसून खरी बेशुद्धी असू शकते आणि त्याला डॉक्टरची गरज असते.

अर्थ तिसरा : प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणे

ब्रिटिश इंग्रजीत सैनिकी प्रशिक्षण पूर्ण करून संस्थेबाहेर पडण्यालाही ‘पास आऊट’ म्हणतात. शेवटची परीक्षा ‘पास’ आणि संस्थेच्या दारातून ‘आऊट’ अशी ही कल्पना आहे. यातूनच ‘पासिंग आऊट परेड’ हा शब्द रूढ झाला. मराठी वर्तमानपत्रे त्यासाठी ‘दीक्षान्त संचलन’ असा देखणा शब्द वापरतात.

महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पुण्याजवळच्या खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए. तिथे वर्षातून दोनदा दीक्षान्त संचलन होते. ३० मे २०२५ रोजी झालेल्या संचलनात १७ महिला कॅडेट्स तीन वर्षांचे प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. प्रबोधिनीतून बाहेर पडणारी ती महिलांची पहिली तुकडी होती. त्यांच्याबद्दल ‘सेव्हन्टीन विमेन कॅडेट्स पास्ड आऊट’ असे इंग्रजीत लिहिणे अगदी बरोबर आहे. नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतून प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या उपनिरीक्षकांबद्दलही असेच म्हणतात.

हा वापर फक्त भारतात आहे असेही नाही. आयर्लंडमध्ये पोलीस प्रशिक्षणार्थींच्या समारंभाला ‘पासिंग आऊट’ म्हणतात. नायजेरियात पदवीनंतर तरुणांना राष्ट्रीय युवा सेवेत एक वर्ष काम करावे लागते. त्या वर्षाच्या शेवटच्या समारंभाचे नावही ‘पासिंग आऊट परेड’ असेच आहे. इंग्रजांचा अंमल होता अशा अनेक ठिकाणी हा शब्द मागे राहिला.

अर्थ चौथा : कॉलेजातून बाहेर पडणे

आता मुद्द्याचा अर्थ. कल्याणचे बिर्ला कॉलेज असो, डोंबिवलीचे पेंढरकर कॉलेज असो की ठाण्याचे बांदोडकर कॉलेज, कट्ट्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘तू कधी पास आऊट झालास?’ उत्तरही ठरलेले, ‘मी बावीसचा पासआऊट.’ इथे ते चक्क नाम झाले आहे. मराठीत त्याचे अनेकवचनही बिनबोभाट होते: ‘आमच्या कॉलेजचे पासआऊट्स’.

या वापरातली कल्पना सैनिकी अर्थासारखीच आहे. परीक्षा पास आणि संस्थेतून बाहेर. भारतात, आणि शेजारच्या पाकिस्तानातही, हा अर्थ इतका रुजला आहे की नोकरीच्या जाहिराती, कॉलेजचे अर्ज, माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप सगळीकडे ‘इयर ऑफ पासिंग आऊट’ असा रकाना दिसतो.

अडचण येते ती भारताबाहेर. अमेरिकन किंवा ब्रिटिश वाचकाला ‘आय पास्ड आऊट फ्रॉम कॉलेज इन ट्वेंटी ट्वेंटी-टू’ हे वाक्य दिले, तर क्षणभर त्याच्या डोळ्यांपुढे कॉलेजात भोवळ येऊन पडलेला विद्यार्थी उभा राहतो. ‘आय अ‍ॅम पास्ड आऊट फ्रॉम मुंबई युनिव्हर्सिटी’ तर त्याहून मजेशीर होते. कारण ‘अ‍ॅम पास्ड आऊट’ म्हणजे ‘मी सध्या बेशुद्धावस्थेत आहे’. वाक्य लिहिणारा माणूस शुद्धीवर नाही, असा अर्थ त्यातून निघतो!

मग हे इंग्रजी चुकीचे आहे का?

अशा याद्या सोशल मीडियावर सतत फिरत असतात: ‘भारतीय लोक करतात त्या दहा चुका’. त्यात ‘पास आऊट’ हमखास असतो. पण ‘चूक’ हा शब्द इथे जपून वापरायला हवा.

एखादा शब्द लाखो लोक एकाच अर्थाने वापरतात, ऐकणाऱ्याला तो त्याच अर्थाने कळतो आणि वापराला निश्चित नियम असतो, तेव्हा तो त्या भागातल्या भाषेचा भाग झालेला असतो. मराठीतही असे आहेच. नागपूरकडचे काही शब्द डोंबिवलीकराला विचित्र वाटतात, म्हणून ते चूक ठरत नाहीत. अमेरिकन माणूस लिफ्टला ‘एलिव्हेटर’ म्हणतो, म्हणून ब्रिटिश माणूस चुकत नाही. शिवाय ‘पास आऊट’च्या भारतीय अर्थाचा सख्खा शेजारी, म्हणजे सैनिकी अर्थ, खुद्द ब्रिटिश शब्दकोशांत आहे. म्हणजे हा अर्थ हवेतून आलेला नाही.

तेव्हा कोणी ‘मी २०२२ ला पास आऊट झाले’ म्हटले तर तिला हसण्याचे कारण नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनी मराठी माध्यमातल्या मुलांची अशा शब्दांवरून टर उडवणे हे आपल्याकडे बरेच चालते. त्या टिंगलीने माणूस इंग्रजी बोलणेच सोडून देतो. आपल्या माणसांत आपला अर्थ चालतो. फक्त वाचणारा बाहेरचा असेल तर त्याला कळेल असा शब्द निवडायचा, एवढेच.

भारताबाहेरच्या वाचकासाठी काय लिहावे?

‘मी २०२२ मध्ये पास आऊट झाले’ यासाठी ‘आय ग्रॅज्युएटेड इन ट्वेंटी ट्वेंटी-टू’ असे लिहावे.

‘मी मुंबई विद्यापीठातून पास आऊट आहे’ यासाठी ‘आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’ असे लिहावे. यात ‘फ्रॉम’ विसरू नये आणि ‘अ‍ॅम’ घालू नये.

‘मी २०२४ पासआऊट आहे’ यासाठी ‘आय अ‍ॅम अ ट्वेंटी ट्वेंटी-फोर ग्रॅज्युएट’ असे लिहावे.

‘डिप्लोमा करून पास आऊट झालो’ यासाठी ‘आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा’ असे लिहावे.

‘आयटीआयमधून पास आऊट’ यासाठी ‘आय फिनिश्ड माय ट्रेनिंग अ‍ॅट अ‍ॅन आयटीआय’ असे लिहावे. आयटीआय म्हणजे काय हे बाहेरच्या वाचकाला ठाऊक नसते, म्हणून सोबत आपला ट्रेड लिहावा. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन.

भारतीय कंपनीच्या जाहिरातीला उत्तर देताना ‘पासआऊट’ लिहिले तरी बिघडत नाही. पण ‘ग्रॅज्युएटेड’ दोन्हीकडे चालते, मग तेच लिहिण्याची सवय लावलेली बरी.

अर्थ पाचवा : वाटणे

‘प्लीज पास आऊट द पेपर्स.’ कृपया पेपर वाटा.

‘दे पास्ड आऊट लीफलेट्स आऊटसाइड द स्टेशन.’ त्यांनी स्टेशनबाहेर पत्रके वाटली.

हा वापर अमेरिकन आहे. अमेरिकेत शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला प्राध्यापकाने ‘विल यू पास दीज आऊट?’ म्हटले तर गोंधळून जायचे कारण नाही. कागदांचा गठ्ठा वर्गात वाटायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. ब्रिटिश माणूस इथे ‘हँड आऊट’ किंवा ‘गिव्ह आऊट’ म्हणेल. त्याशिवाय पत्त्यांच्या ब्रिज या खेळात चारही खेळाडूंनी बोली न लावता ‘पास’ म्हटले तर तो डाव ‘पास्ड आऊट’ झाला असे म्हणतात. हा अर्थ ब्रिज खेळणाऱ्यांपुरताच आहे.

व्याकरणाच्या चार गोष्टी

एक. बेशुद्ध पडणे आणि प्रशिक्षण पूर्ण करणे या अर्थांत ‘पास आऊट’ला कर्म लागत नाही. ‘शी पास्ड आऊट’ एवढेच वाक्य पूर्ण होते.

दोन. वाटणे या अर्थात कर्म लागते आणि ते मध्येही येऊ शकते. ‘पास आऊट द पेपर्स’ आणि ‘पास द पेपर्स आऊट’ दोन्ही बरोबर. पण ‘ते’ या अर्थी ‘देम’ असेल तर मध्येच हवे: ‘पास देम आऊट’.

तीन. भूतकाळी ‘पास्ड’चा उच्चार ‘पास्ट’ असा होतो. शेवटी ‘ड’ लिहिलेला असला तरी ऐकू येतो तो ‘ट’. अमेरिकेत तो ‘पॅस्ट आऊट’च्या जवळ जातो.

चार. परेडच्या नावात ‘पासिंग आऊट’ हे विशेषणासारखे येते. कोणी त्यातला ‘आऊट’ काढून नुसते ‘पासिंग परेड’ म्हणाले तर ते अपुरे आहे.

ठाणे-कल्याणचा आणखी एक ‘पास’

आपल्याकडचा गोंधळ वाढवायला नुसता ‘पास’ही पुरेसा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली आणि १८५४ मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत आली. या पट्ट्यात ‘पास’ म्हटले की आधी आठवतो तो लोकलचा मासिक किंवा त्रैमासिक पास. ‘पास संपला’ म्हणजे परीक्षा संपली नव्हे, तर आज तिकीट काढावे लागणार. ‘पास काढला’ म्हणजे कोणाला उत्तीर्ण केले नव्हे.

दुसरा शब्द ‘पासिंग’. ‘गाडी कुठल्या पासिंगची?’ या प्रश्नाचे उत्तर ‘एमएच शून्य चार’ आले तर ठाण्याची आणि ‘एमएच शून्य पाच’ आले तर कल्याणची. इथे ‘पासिंग’ म्हणजे आरटीओतील नोंदणी. हे दोन्ही अर्थ आपल्याकडे घट्ट बसले आहेत. पण बाहेरच्या इंग्रजीत लोकलच्या पासाला ‘सीझन टिकेट’ आणि गाडीच्या पासिंगला ‘रजिस्ट्रेशन’ म्हणतात. ‘माय कार पासिंग इज कल्याण’ या वाक्यातून ब्रिटिश माणसाला काहीच कळणार नाही.

‘पास’च्या कुटुंबातले इतर शब्द

‘पास अवे’ म्हणजे निधन होणे. ‘पास आऊट’शी याची गल्लत सर्वांत महागात पडते. ‘हर आजोबा पास्ड आऊट’ म्हणजे आजोबा बेशुद्ध पडले. ‘पास्ड अवे’ म्हणजे आजोबा गेले. घाईत एकाऐवजी दुसरा शब्द पडला तर नातेवाईक भलत्याच तयारीने निघतील.

‘पास ऑन’ म्हणजे निरोप पुढे पोहोचवणे. काही ठिकाणी त्याचा अर्थ निधन होणे असाही होतो.

‘पास बाय’ म्हणजे जवळून जाणे. वेळेच्या बाबतीत, निघून जाणे.

‘पास अप’ म्हणजे संधी सोडून देणे.

‘पास ऑफ’ म्हणजे खोट्याला खरे म्हणून खपवणे. ‘ही पास्ड ऑफ अ फेक अ‍ॅज ओरिजिनल.’ उल्हासनगरच्या बाजारावरून होणारे विनोद ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हा अर्थ समजावून सांगायला नको.

‘ड्रॉप आऊट’ म्हणजे शिक्षण अर्धवट सोडणे. ‘पासआऊट’ आणि ‘ड्रॉपआऊट’ हे शब्द जोडीने ऐकू येतात, पण दुसरा जगभर त्याच अर्थाने चालतो.

मदतीचा मेसेज लिहिताना

या लेखातला सर्वांत उपयोगी भाग हाच. कोणी बेशुद्ध पडले असेल आणि तुम्ही ग्रुपवर मदत मागत असाल, तर ‘पास आऊट’ हा शब्द टाळा. ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांना तो निकालाचा मेसेज वाटू शकतो. कोणी अभिनंदनाचे फुगे आणि हार टाकून मोकळेही होते. मोबाइलचे आपोआप होणारे भाषांतरही संदर्भ नसेल तर ‘उत्तीर्ण’ असा अर्थ काढू शकते.

त्यापेक्षा साधे मराठी लिहा. ‘एक बाई बेशुद्ध पडल्या आहेत. कल्याणहून निघालेली फास्ट लोकल, पुढून तिसरा डबा, गाडी आता मुंब्र्याजवळ. ठाण्याला स्ट्रेचर हवे.’ या मेसेजमध्ये काय झाले, कुठे झाले आणि काय हवे, हे तिन्ही आहे. ग्रुपवर मेसेज टाकण्याआधी फोन करा. रेल्वेची हेल्पलाइन १३९, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२. फोनवर मराठीतच बोला. ‘श्वास चालू आहे, पण शुद्ध नाही’ हे एक वाक्य कितीतरी इंग्रजी शब्दांपेक्षा जास्त सांगते.

मदत येईपर्यंत माणसाला आडवे झोपवा, जमल्यास पाय थोडे उंच करा, गळ्याजवळचे कपडे सैल करा आणि भोवतीची गर्दी हटवा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मिनिटभरात शुद्ध आली नाही, श्वास नीट चालत नसेल किंवा छातीत दुखत असल्याचे आधी सांगितले असेल, तर ही साधी भोवळ समजू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

‘पास आऊट’ आणि ‘फेंट’ यांत फरक काय?
अर्थ जवळजवळ एकच. ‘फेंट’ कोणत्याही ठिकाणी चालतो. ‘पास आऊट’ बोलीभाषेतला आहे आणि नशेसाठी, थकव्यासाठीही वापरला जातो. दारू पिऊन पडलेल्याला सहसा ‘फेंटेड’ म्हणत नाहीत.

दहावी-बारावीसाठी ‘पास आऊट’ म्हणावे का?
नको. ‘आय पास्ड माय टेन्थ स्टँडर्ड एक्झाम’ पुरेसे आहे. परीक्षेसाठी नुसता ‘पास’, पदवीसाठी ‘ग्रॅज्युएट’.

‘पास आऊट’चा अर्थ मृत्यू होतो का?
आजच्या रोजच्या इंग्रजीत नाही. त्यासाठी ‘पास अवे’ आहे.

‘पासिंग आऊट परेड’ हा शब्द चुकीचा आहे का?
मुळीच नाही. सैन्य आणि पोलीस दलांसाठी तो प्रमाण शब्द आहे. मराठीत ‘दीक्षान्त संचलन’ लिहावे.

ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘आय पास्ड आऊट येस्टरडे’ लिहून रजा मागता येईल का?
बेशुद्ध पडला असाल तर येईल. पण ‘आय फेंटेड येस्टरडे’ जास्त नीटनेटके दिसते. नुसती चक्कर आली असेल तर ‘आय फेल्ट डिझी’ लिहा.

लक्षात काय ठेवायचे?

कट्ट्यावर, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, आपल्या माणसांत ‘पास आऊट’ खुशाल वापरा. तो आपला शब्द झाला आहे. बाहेरच्या वाचकासाठी पदवीच्या संदर्भात ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा. डॉक्टरशी बोलताना शुद्ध गेली होती की नाही हे आधी ठरवा आणि मगच शब्द निवडा. आणि डब्यात शेजारी उभे असलेले कोणी खाली कोसळले, तर इंग्रजी आठवत बसू नका. ‘बेशुद्ध’ हा शब्द ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत सगळ्यांना एका क्षणात कळतो.